गोदाकाठच्या शेतात तंबू लागू द्या, पण मालक शेतकरीच राहू द्या

नांदेडच्या गोदावरीत काही तरंगताना दिसलं अन् त्याची बातमी झाली, की ती बहुतेक वेळा वाळूच्या तराफ्यांचीच असते. महसूलचं पथक गेलं, तराफे जाळले, फोटो आला. थोड्या दिवसांनी तराफे पुन्हा पाण्यात.

याच नदीत लोक नाव, कयाक वल्हवायला आले अन् रात्री काठावरच्या शेतात तंबू ठोकून राहिले, तर काय हरकत आहे? शेतकऱ्यानं जागा द्यायची, पिठलं-भाकरी द्यायची, जानेवारीत हुरडा द्यायचा अन् माणशी पैसे घ्यायचे. मावळात पवना धरणाच्या काठावर तंबूंचा धंदा चालतो. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर मच्छीमार पाहुण्यांना नावेतून रोहित पक्षी दाखवतात. आपल्याकडं हुरडा पार्टी आहे, पण नदीकडं पाठ करून.

आता कोणी म्हणेल, 'इथं प्यायला पाणी नाही अन् ह्याला नावा वल्हवायचं सुचायलंय.' मुद्दा खोटा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते लातूर विसरलेलं नाही. म्हणून मांजरेवर हे काम भरल्या वर्षापुरतंच. कर्ज काढून तिथं पक्क्या खोल्या बांधू नका. तंबू कसा, पाणी नसलं की गुंडाळून ठेवता येतो.

गोदावरीचं गणित वेगळं आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. नंतर ते बंद होतात अन् १ मार्चला खाली ०.६ टीएमसी पाणी सोडावं लागतं. म्हणजे पाऊस बरा झाला, तर थंडीचे चार महिने धर्माबादच्या वरच्या अंगाला पाणी थांबतं. पूर ओसरलेला, ऊन सोसवणारं, शेतात ज्वारी उभी. हंगाम आयताच ठरलाय.

गिऱ्हाईक कुठून येणार? सचखंड गुरुद्वाऱ्याला देशभरातून भाविक येतात, घाटावरून नदी पाहतात अन् परततात. विष्णुपुरीला विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे. ही पोरं सुट्टीत लोणावळ्याला जातात.

पण शिस्त पाहिजे. विष्णुपुरीचं पाणी नांदेड पितं, तिथं मोटरबोट नको अन् संडास काठापासून लांब. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट. वाळूच्या खड्ड्यांमुळं पाणी कुठं किती खोल, ते वरून कळत नाही. म्हणून नदी माहीत असलेला भोई समाजाचा माणूस सोबत हवाच, अन् त्याची मजुरी ठरलेली. डीजे अन् दारू बंद. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं, साहसी पर्यटनाचं २०२१ चं. कागदावर वाट आहे. मात्र टेंडर काढून अख्खा काठ एखाद्या ठेकेदाराला दिला, तर शेतकरी स्वतःच्याच रानात वेटर होईल.

मला पर्यटनापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वाळूची हायवा नदीपर्यंत जाते, ती बऱ्याचदा कोणाच्या तरी रानातून जाते. आज नदी जपून त्या शेतकऱ्याच्या हातात काहीच पडत नाही, म्हणून तो गप्प बसतो. त्याच रानात पाहुणे झोपलेले असले, तर तो रात्री गाडी आत येऊ देईल का? पथक महिन्यातून कधीतरी येतं, शेतकरी रोज तिथंच असतो.

जिल्हा प्रशासनानं येत्या थंडीत दोनच गावं घ्यावीत, एक विष्णुपुरीच्या वर, एक बाभळीच्या वर. पाच-सहा शेतकरी, दोन-तीन भोई, दहा-बारा तंबू. जमलं तर वाढवा, नाही जमलं तर तंबू काढा.

तुमच्या गावच्या काठाला अशी जागा आहे का? असेल तर गावाचं नाव खाली लिहा.