खो-खोमधील वैयक्तिक पुरस्कार

खो-खोमधील वैयक्तिक पुरस्कार हे राष्ट्रीय स्पर्धांत सर्वोत्कृष्ट ठरलेल्या खेळाडूंना दिले जाणारे सन्मान होत. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष गटात एकलव्य व महिला गटात राणी लक्ष्मीबाई, तर कुमार गटात वीर अभिमन्यू आणि मुलींच्या गटात जानकी पुरस्कार दिला जातो. महाराष्ट्र शासनाचा १९६९-७० पासूनचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार यांहून वेगळा आहे. तो एका स्पर्धेतील खेळापुरता नसून खेळाडूच्या एकूण कामगिरीसाठी दिला जातो.

निवडीचे स्वरूप

खो-खोच्या गुणपत्रकात संरक्षकाने किती वेळ संरक्षण केले आणि आक्रमकाने किती गडी बाद केले, याची नोंद होते. वैयक्तिक पुरस्काराच्या निवडीत हे आकडे सहज पुढे येतात. मात्र योग्य क्षणी 'खो' देऊन प्रतिस्पर्ध्याला कोंडीत पकडणाऱ्या खेळाडूच्या नावावर गडी लागत नाही. आठ खेळाडू पाटीवर बसलेले आणि एक धावणारा, अशी आक्रमणाची रचना असल्यामुळे हे योगदान निर्णायक असूनही नोंदीबाहेर राहते.

अमेरिकन फुटबॉलमधील महाविद्यालयीन पद्धती येथे तुलनेस उपयुक्त ठरते. तेथे हंगामाच्या शेवटी प्रत्येक गटातील प्रशिक्षक किंवा पत्रकार मतदानाने 'सर्व-गट संघ' निवडतात. संपूर्ण देशासाठी अशी यादी १८८९ पासून प्रसिद्ध होत आली आहे. निवड प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्र असल्याने, चेंडू हाती न घेता प्रतिस्पर्ध्याला रोखून धरणारे खेळाडूही यादीत येतात. खो-खोतील प्रमुख पुरस्कार मात्र एका गटात एकाच खेळाडूला मिळतो.

महाविद्यालयीन स्तर

टिटवाळा व कल्याण परिसरातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील खेळाडूचा मार्ग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात, तेथून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि पुढे अखिल भारतीय स्पर्धेत जातो. या स्पर्धा काही दिवसांतच संपतात. अमेरिकेतील हंगाम काही महिन्यांचा असतो व मतदारांना तोच खेळाडू वारंवार पाहता येतो. थोड्या सामन्यांवर आधारलेल्या निवडीत एखाद्या चांगल्या दिवसाला अधिक महत्त्व येते. दुखापतीमुळे बाहेर बसलेला खेळाडू तर विचारातच येत नाही.

२०२५ चा विश्वचषक व त्यानंतर

पहिला खो-खो विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झाला. प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली पुरुष संघाने नेपाळचा ५४-३६, तर प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली महिला संघाने नेपाळचाच ७८-४० असा पराभव केला. दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्कृष्ट संरक्षकाचा मान पराभूत संघातील खेळाडूला मिळाला. वैयक्तिक गुणवत्ता निकालापासून वेगळी मोजता येते, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्र शासनाने राज्यातील विजेत्या खेळाडूंसाठी प्रत्येकी २.२५ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. कर्नाटकच्या दोन खेळाडूंनी मात्र आपल्या राज्याने देऊ केलेले पाच लाख रुपये नाकारले व महाराष्ट्राकडे बोट दाखवले. एकाच विजयाचे मोल खेळाडूच्या राज्यानुसार बदलते, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला.

मूल्यमापन

महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा आधार प्रामुख्याने विहित स्पर्धांमध्ये मिळालेले स्थान हा असतो. सांघिक खेळात त्यामुळे संघाच्या पदकाला वजन येते. दुर्बल संघातील उत्तम खेळाडू मागे राहतो आणि विजेत्या संघातील राखीव खेळाडू पात्र ठरू शकतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर प्रमाणपत्रांच्या पडताळणीलाही महत्त्व आले आहे.

विभागीय स्तरावर प्रत्येक कौशल्यासाठी स्वतंत्र निवड झाली, तर दुर्बल संघातील खेळाडूंची नोंद राहील आणि निवड समित्यांना अधिक आधार मिळेल. मात्र ती निवड कोणी व कोणत्या निकषांवर केली, हे जाहीर झाले नाही, तर अशी यादीही शिफारशीचे आणखी एक साधन ठरू शकते.