गळके छत कोणाचे?

मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या की वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांत बादल्या आणि पातेली बाहेर निघतात. छतावर पिवळसर डाग उमटतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि रात्रभर थेंबांचा आवाज चालू राहतो. हे त्या एका घराचे दुखणे आहे, असे उरलेली इमारत मानते. ही समजूत अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. हे सांगताना संकोच वाटतो, कारण काही वर्षांपूर्वी मीही तीच समजूत बाळगून होतो.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव आला, तेव्हा पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या मी विरोधात हात वर केला. पाणी गळत होते ते शेवटच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षकांच्या घरात, माझ्या नव्हे. ठराव बारगळला. त्या गृहस्थांनी पदरमोड करून छताला आतून गिलावा आणि रंग दिला. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! चार पावसाळ्यांनंतर छताचा एक मोठा तुकडा त्यांच्या पलंगावर कोसळला. सुदैवाने त्या वेळी तेथे कोणी नव्हते. उघड्या पडलेल्या गंजक्या सळया पाहून अभियंत्याने दिलेला खर्चाचा अंदाज पूर्वीच्या तिपटीहून अधिक होता. त्यातील माझा वाटा मी भरला. पण त्या पलंगाची आठवण अजून मनातून जात नाही.

खर्च असा का वाढतो, याचे कारण सरळ आहे. काँक्रीटच्या क्षारधर्मी गुणामुळे आतील सळया सुरक्षित राहतात. भेगांतून पाणी आणि हवा झिरपू लागली की हे संरक्षण हळूहळू संपते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने काँक्रीट फुटते, भेग रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाची रीत याहून वेगळी नाही.

उपायापूर्वी निदान हवे. गळती केवळ पावसाळ्यात होत असेल, तर बहुधा दोष गच्चीत असतो: तुंबलेल्या पन्हळीत, बिघडलेल्या उतारात किंवा कठड्याच्या मुळाशी पडलेल्या भेगेत. ती बारमाही असेल, तर नळ किंवा वरच्या घराचे न्हाणीघर तपासावे. गच्चीतील दोष गच्चीवरच दुरुस्त व्हावा लागतो, आणि काम झाल्यावर पन्हळी बंद करून पाणी साठवून पाहिल्याखेरीज ठेकेदाराचे बिल चुकते करू नये.

जबाबदारीचा प्रश्नही अनिर्णित नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे असते. घरातील मोरी, संडास इत्यादींची अंतर्गत गळती सभासदाकडे. तरतूदही त्याच उपविधींत आहे. जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी जमा व्हावयास हवेत. सदनिकेचा बांधकाम खर्च १० लाख रुपये धरला, तर ही रक्कम वर्षाला १० हजार, म्हणजे महिन्याला साधारण ८३३ रुपये होते. कारखानदार यंत्राचा घसारा हिशेबात धरतो. आपण मात्र आयुष्यातील सर्वांत महाग वस्तूचा घसारा धरत नाही आणि कमी मासिक आकाराचे कौतुक करतो.

गच्चीची जबाबदारी कोणालाच परवडेनाशी झाली की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, हे खरेच. परंतु त्या उत्पन्नात दुरुस्ती करणे मालकांना परवडेनासे झाले आणि चाळींची छपरे व भिंती कुजत गेल्या. अखेर १९६९ च्या कायद्यान्वये उपकर बसवून सरकारला दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. सहकारी संस्थेत मालक आणि रहिवासी एकच असतात. तेथेही हाच प्रकार घडत असेल, तर दोष कायद्याकडे ढकलता येत नाही.

संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. छतावरील डाग तेव्हा ओलेच असतात. ठराव त्याच सभेत व्हावा आणि काम हिवाळ्यात उरकावे. मे महिन्याच्या अखेरीस धावपळ करून ताडपत्री अंथरणे ही दुरुस्ती नव्हे. मतदानापूर्वी खालच्या मजल्यावरील सभासदांनी एकदा वर जाऊन ते छत पाहावे. माझ्या हातून तेवढेच राहून गेले होते.