चहाचें मेज आणि आमचें सोंवळें

परदेशगमन ही आतां आमच्या मध्यम वर्गास अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. पूर्वीं काशीयात्रा करून आलेला गृहस्थ गंगाजळाची लोटी घेऊन परते. हल्लींचा प्रवासी तक्रारींचें गांठोडें घेऊन परततो. त्यांतल्या त्यांत हाँगकाँगास जाऊन आलेल्या मंडळींचें गाऱ्हाणें आम्हीं इतक्या दिवाणखान्यांतून आणि इतक्या एकाच सुरांत ऐकलें आहे कीं, त्याचा एकदां नीट समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे. गाऱ्हाणें असें: तेथील मोठमोठ्या डिमसमगृहांत सभ्य मनुष्यानें पाऊल टाकूं नये, तेथें बाजारासारखा गोंगाट असतो, वाढपी हंसतमुखानें बोलत नाहींत, आणि अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून जेवावें लागतें. आम्हीही अशा भोजनगृहांत बसलों आहों, आणि एकदांच नव्हे. आमचें मत असें झालें आहे कीं, या मंडळींनीं गुणांस दोष ठरविलें, आणि खरा दोष समोर कांचेच्या पेटींत पोहत असतां तो त्यांच्या नजरेस पडला नाहीं.

ज्यांनीं हें स्थळ पाहिलें नाहीं त्यांच्याकरितां थोडें वर्णन अवश्य आहे. कँटनी लोक या जेवणास जेवण म्हणतच नाहींत. 'यम चा', म्हणजे 'चहा पिणें', एवढेंच त्याचें साधें नांव. बसतांच पहिला प्रश्न येतो तो चहा कोणता याचा: जाईच्या फुलांचा, कीं काळसर, मातकट वासाचा पु-एर? किटली आली म्हणजे पहिल्या चहानें वाट्या नि चॉपस्टिक्स विसळून घेतात. मग बांबूच्या वाफाळलेल्या टोपल्या एकीवर एक येऊं लागतात. एकेकींत तीन किंवा चार नग. कोळंबीच्या 'हार गाव'ची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. ती उकडली म्हणजे इतकी पारदर्शक होते कीं, आंतील कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसावा. तिच्या एकसारख्या चुण्या पाहून उकडीच्या मोदकांच्या कळ्या करणाऱ्या आमच्या भगिनींस त्या आचाऱ्याविषयीं आदरच वाटेल. शिवाय डुकराच्या मांसाचे 'सिउ माय', कोंबडीचे पाय, आणि मुळ्याच्या वड्या. या वड्यांत बहुधा सुकी कोळंबी घातलेली असते, म्हणून शाकाहारी वाचकांनीं केवळ नांवावर विसंबूं नये. मुंबईंत ज्याला आपण चिनी जेवण म्हणतों, त्याचा येथें मागमूस नाहीं. आपलें मांचुरियन १९७५ च्या सुमारास मुंबईंतच जन्मास आलें असें सांगतात, तेव्हां त्याची चौकशी हाँगकाँगांत करणें व्यर्थ होय.

आतां पहिला आक्षेप गोंगाटाचा. गोंगाट आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो कशाचा, हें आक्षेपकांनीं कधीं पाहिलें आहे काय? रविवारीं सकाळीं शेजारच्या मेजाकडे नजर टाकावी: आजोबा वर्तमानपत्राची घडी करून बाजूस ठेवीत आहेत, सून मुलाच्या वाटींत शेवटची कोळंबी टाकीत आहे, आणि बिल कोणीं द्यावें यावरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले आहेत. हाँगकाँगांतील राहतीं घरें किती लहान, हें चाळींत वाढलेल्या वाचकास समजावून सांगावयास नको. ज्यांच्या खोलींत चार पाट मांडावयास जागा नाहीं, त्यांचें माजघर म्हणजे हें भोजनगृह. तीन पिढ्या आठवड्यांतून एकदां भेटतात त्या येथें. आणि भेटलेलीं माणसें बोलणारच. पूर्वीं टोपल्यांनीं भरलेल्या गाड्या ढकलीत वाढपिणी मेजांमधून हिंडत आणि पदार्थांचीं नांवें मोठ्यानें पुकारीत. अशीं स्थळें आतां थोडीं उरलीं. बहुतेक ठिकाणीं कागदाच्या चिठीवर खुणा करून पदार्थ मागवितात. आवाज तेवढा कमी झाला खरा, पण त्याबरोबर पदार्थ डोळ्यांनीं पाहून पसंत करण्याची मौजही गेली. लग्नाच्या पंगतींत जिलबीची परात घेऊन 'जिलबी, जिलबी' असें ओरडत जाणारा वाढपी ज्यांस मंगल वाटतो, त्यांनींच या गाडीवालीस कर्कश म्हणावें, ही न्यायबुद्धि अजब होय. आपल्या गोंगाटास आम्ही आग्रह म्हणतों. दुसऱ्याच्या आग्रहास गोंगाट!

दुसरा आक्षेप वाढप्यांच्या तुसडेपणाचा. येथें आमच्या मंडळींचा मूळांतच घोटाळा झाला आहे. पैसे देऊन जें हास्य मिळतें, त्यालाच ते सौजन्य समजूं लागले आहेत. या भोजनगृहांत वाढप्याचें काम टोपली ऊन असतांना मेजावर आणणें आणि हिशेबाच्या चिठीवर नोंद करणें एवढेंच. शेंकडों माणसांची रांग दाराशीं उभी असतां त्यानें आपल्या प्रकृतीची विचारपूस करावी ही अपेक्षा कशासाठीं? सौजन्य पाहावयाचें तर मेजावर बसलेल्यांत पाहावें. आपली वाटी रिकामी असली तरी अगोदर इतरांच्या वाटींत चहा ओतावयाचा, मग आपल्या. कोणी ओतूं लागला म्हणजे दोन बोटें मेजावर हलकेंच आपटून आभार मानावयाचे. बोलणें तोडावें लागत नाहीं, आणि कृतज्ञताही राहून जात नाहीं. अठराव्या शतकांतील चिएनलुंग बादशहा वेषांतर करून हिंडत असतां त्यानें आपल्या सेवकास चहा ओतला, आणि गुपित फुटूं नये म्हणून सेवकानें लोटांगणाऐवजीं बोटें टेकविलीं, अशी या चालीची दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, तिचा अर्थ खरा आहे. किटलींत पाणी हवें असलें तर तिचें झांकण कलतें ठेवावयाचें. हांक मारण्याचें कारण नाहीं. मासा वाढतांना त्याचें तोंड वडील माणसाकडे करावयाचें. आणि वरची बाजू संपली म्हणून तो उलटावयाचा नाहीं, कारण दर्यावर्दी लोकांच्या समजुतीप्रमाणें त्यानें होडी उलटते. ज्या मेजावर इतक्या मर्यादा निमूटपणें पाळल्या जातात, तें असभ्यांचें मेज म्हणणाऱ्यानें तेथें फक्त स्वतःकडेच लक्ष दिलें असलें पाहिजे. तेथें विनय विकत मिळत नाहीं. तो एकमेकांस द्यावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत बोलका आहे. गर्दीच्या वेळीं जुन्या चहागृहांत रिकाम्या खुर्चीवर अनोळखी मनुष्य येऊन बसतो. किटली त्याची निराळी, चिठी निराळी, मेज मात्र एकच. हमाल, कारकून आणि पेन्शनर हे तिघे एकाच मेजाच्या तीन बाजूंस बसलेले आम्हीं पाहिले आहेत. धनिकांकरितां तेथेंही बंद दालनें असतात, हें खरें. पण मधला दिवाणखाना सर्वांचा. यांत आमच्या मंडळींस बोचतें तें काय? जागेची अडचण? तसें असतें तर मुंबईच्या लोकलगाडींत त्यांनीं कधीं पायच ठेविला नसता.

बोचतें तें निराळेंच आहे, आणि तें स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. हाँगकाँगच्या 'लिन हेउंग' या प्रसिद्ध चहागृहाचें मूळ कँटन शहरांतील १८८९ सालच्या दुकानांत आहे. त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८९० सालीं, पुण्यास पंचहौद मिशनमध्यें आमच्या पुढाऱ्यांपुढें चहाचे पेले आले. कोणी ते प्याले, कोणी नुसते हातीं धरले. परंतु तेवढ्यावरून जें ग्रामण्य माजलें, त्यांत टिळकांसारख्यांस धर्मपीठापुढें जाब द्यावा लागला आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्यांस अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां त्यांवर हल्ला झाला आणि मागाहून तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. आमच्या खेड्यापाड्यांतील चहाच्या दुकानांत कित्येकांकरितां निराळ्या कपबशा ठेवण्याची चाल तर पुढेंही कित्येक वर्षें चालली. मुंबईंत इराण्याच्या संगमरवरी मेजांनीं जातगोत न विचारतां सर्वांस शेजारीं बसविलें, हें त्या मेजांचें पुण्य. पण त्यांतलीं किती उरलीं, आणि तीं नाहींशीं होतांना आम्हांपैकीं कितींस हळहळ वाटली? शेजारीं कोण बसला हें न विचारतां चहा पिणें ही गोष्ट आम्हीं फार उशीरां आणि फार अपुरी शिकलों आहों. म्हणूनच तें मेज आम्हांस अवघडवितें. सोंवळें नेसणें सुटलें, पण खुर्ची आंखडून घेण्याची संवय सुटली नाहीं. आणि या संवयीस आम्ही हल्लीं अभिरुचि असें गोंडस नांव दिलें आहे.

कोणी म्हणेल, "तें सर्व ठीक, परंतु एकाच टोपलींत सर्वांनीं आपापल्या चॉपस्टिक्स घालाव्या, हें उष्टें नव्हे काय?" हा आक्षेप मात्र विचारांत घेण्यासारखा आहे, आणि तो त्या लोकांनीं स्वतःच विचारांत घेतला आहे. २००३ सालीं सार्सची सांथ आली, तेव्हांपासून वाढून घेण्याच्या चॉपस्टिक्स निराळ्या ठेवण्याचा तेथें मोठा प्रचार झाला. कित्येक ठिकाणीं प्रत्येकापुढें दोन रंगांच्या दोन जोड्या मांडतात, एक वाढून घेण्यास व एक खाण्यास. यांतील मर्म आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. रोग टाळण्याकरितां त्यांनीं चॉपस्टिक्स वेगळ्या केल्या. माणसें वेगळीं केलीं नाहींत. आमच्या पूर्वजांनीं नेमकें उलट केलें, आणि त्याला शास्त्र म्हटलें.

आतां त्या खऱ्या दोषाकडे वळूं. अशा भोजनगृहांत एका भिंतीशीं पाण्याच्या पेट्या असतात आणि त्यांत जिवंत मासे, खेकडे व शेवंड फिरत असतात. निवडलेला मासा गिऱ्हाइकास जिवंत दाखवून आंत नेतात. दर वजनावर, आणि वजन तेथील 'कॅटी'चें, म्हणजे सुमारें ६०० ग्रॅमचें. थोडक्या मिनिटांत तो आलें नि कांद्याची पात घालून उकडलेला, वर कढत तेल ओतलेला असा परत येतो. हें पाहून आमच्या भगिनी अंग शहारून घेतात. पण बाजारांतून कापून आणलेली सुरमई ज्यांस चालते, त्यांच्या त्या शहारण्यास आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. मासा ताजा असावा हा हट्ट कोंकणांतील कोणत्याही घरांत समजेल.

दोष आहे तो पेटींत कोणता मासा ठेविला आहे यांत. कपाळावर उंचवटा असलेला, हळूहळू वाढणारा नेपोलियन रास हा प्रवाळाच्या समुद्रांतील मासा केवळ मोठेपणाच्या जेवणांसाठीं इतका पकडला गेला कीं, २००४ सालीं त्याचें नांव दुर्मिळ जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारांत घालावें लागलें. तीच कथा लग्नाच्या मेजवानींतील मुशीच्या परांच्या रश्शाची. पराला स्वतःची चव जवळजवळ नसते. चव असते ती सोबतच्या रश्शाची, आणि किंमत असते ती यजमानाच्या प्रतिष्ठेची. त्यासाठीं कित्येक मुशींचे पर कापून घेऊन त्यांचें धड समुद्रांत टाकून देण्यांत आलें. हाँगकाँग सरकारनें २०१३ सालीं आपल्या मेजवान्यांतून हा पदार्थ काढून टाकला, आणि २०२२ सालीं पनामाच्या परिषदेंत मुशींचें एक संपूर्ण कुळ वरील कराराच्या कक्षेंत आलें. या पापांत आम्ही निराळे नाहीं: आमच्या किनाऱ्यावरूनही वाळविलेले पर परदेशीं जात असत, ती निर्यात भारत सरकारनें २०१५ सालीं बंद केली. आमच्या घरीं मोरीचें कालवण होतें, त्यांत सबंध मासा खाल्ला जातो. परांपुरती मूस मारणें ही गोष्ट कोळ्याच्याही धर्मांत बसत नाहीं.

असें असतां, त्या दिवाणखान्यांतून बाहेर पडलेला आमचा प्रवासी बोलतो कशाबद्दल? आवाजाबद्दल, खुर्चीबद्दल, वाढप्याच्या चेहऱ्याबद्दल! आमच्या एका स्नेह्यांनीं या सर्वांवर अर्धा तास टीका केली. आणि शेवटीं एका व्यापाऱ्यानें दिलेल्या मेजवानींत तो परांचा रस्सा आपणांस कसा सन्मानपूर्वक मिळाला, याचें वर्णन मोठ्या अभिमानानें केलें. बंद दालन होतें, शांतता होती, वाढपी वांकून बोलत होता. त्यांच्या दृष्टीनें सभ्यतेची सर्व लक्षणें तेथें जुळलीं होतीं.

आमची विनंती एवढीच आहे. दुसऱ्याच्या घरच्या चालीरीतींची निंदा करावयाची असल्यास खुशाल करावी, परंतु ती योग्य जागीं करावी. त्या बंद दालनांतील वाटी नाकारावी. आणि बाहेरच्या दिवाणखान्यांत कोणी अनोळखी मनुष्य शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, तर कपाळास आंठी न घालतां आपली किटली थोडी बाजूस सारावी.