हातमोज्यांना छत्रीची खोळ

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे पाच जण रायरेश्वरला गेलो होतो. भोरहून अंधारातच निघालो, कोर्ले गाव मागे टाकून वर गाडी थांबवली आणि तिथेच कडेला चटई टाकून फजर अदा केली. वुजूसाठी घरून बाटल्यांतून आणलेलं पाणी रात्रभर गाडीत राहून बर्फासारखं झालं होतं. नमाज झाली, सगळ्यांनी हातमोजे चढवले आणि चालायला लागलो. धाकटीचे हात नीट कोरडे झाले नव्हते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत दवानं ओथंबलेलं. ती हातानं गवत बाजूला सारत पुढे चाललेली. लोखंडी शिडीपाशी पोचेपर्यंत तिचे लोकरीचे मोजे बाहेरूनही भिजले होते. शिडीचा पहिलाच दांडा धरला आणि ती थांबली. "अम्मी, बोटं वाकत नाहीत." चेष्टा करते आहे असं वाटलं, पण मोजे काढले तेव्हा बोटं पांढरी पडलेली दिसली. पाऊण तास तिचे हात अब्बांच्या स्वेटरच्या आत, काखेत धरून बसलो. वर पठारावर जंगम मंडळींची वस्ती आहे, तिथपर्यंत जायचा बेत होता, शिडीखालूनच परतलो. गाडीत बसल्यावर अब्बा म्हणाले, "बास झाले आता हे डोंगर." धाकटी रडली ती थंडीनं नव्हे, या वाक्यानं.

घरी आल्यावर आम्ही विचार करू लागलो की एवढी थंडी तर नव्हती. उलट हिवाळ्याच्या शांत पहाटे कित्येकदा दरीत जास्त गारठा असतो. थंड हवा जड, ती खाली साचते, म्हणून भाटघरच्या पाण्याकडेला धुकं बसतं. वर खरा त्रास वाऱ्याचा. पारा 8 अंशांवर असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या अंगाला 4 अंशांची थंडी वाटते. त्यात हात ओले असतील तर वारा ते वाळवताना अंगातली ऊबही घेऊन जातो. लोकर ऊब धरते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. वारा लोकरीतून आरपार गेला की ती हवा तिथे टिकतच नाही. थोडक्यात, मोजे वाईट नव्हते. त्यांच्यावर वारा आणि दव अडवणारं काही हवं होतं.

तसे मोजे बाजारात मिळतात. आम्ही आणलेल्या एका जोडीचं वरचं रेक्झिन महिनाभरात सोलून निघालं, दुसरी चांगली जोडी खिशाला परवडेना. मग शिवणाच्या मशीनकडे वळलो. करायचं काय, तर उशीला घालतो तशी हाताला एक सैल खोळ. तिला स्वतःची ऊब काहीच नाही; आत लोकरीचा मोजा, बाहेर ही. चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा. चार बोटं एका खोलीत राहिली की एकमेकांना शेकत राहतात.

कापड कुठलं? घरातल्या प्रत्येक जुन्या कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारून पाहायची. श्वास पलीकडच्या हाताला लागला तर ते कापड बाद. जुना बर्म्युडा बाद झाला, शाळेच्या दप्तराचं कापड पास झालं पण जड. सगळ्यात बरं निघालं मोडक्या नायलॉनच्या छत्रीचं. भोर-वेल्ह्याकडच्या पावसात काड्या मोडलेली एक तरी छत्री नसलेलं घर दाखवावं! जुन्या काळ्या सुती छत्रीचा मात्र उपयोग नाही. मुंबईच्या एब्राहिम करीम यांचा छत्र्यांचा व्यवसाय 1860 सालापासूनचा, तेव्हा छत्रीच्या कापडाचे किती प्रकार होऊन गेले असतील ते सोडा. आपल्याला पातळ, आतून लेप दिलेलं हवं.

लांब दांड्याची छत्री असेल तर उत्तम. तिच्या आठ कळ्या असतात, घागऱ्याला असतात तशा. टाके उसवून कळ्या सुट्या करा, साबणाच्या पाण्यात धुवा आणि उजेडासमोर धरा. घड्यांवर आणि काड्यांच्या टोकांशी बारीक भोकं दिसतात, तो भाग टाळायचा. एका कळीत हाताची एक बाजू बसते. कळीचा रुंद काठ मनगटाकडे, निमुळतं टोक बोटांकडे. म्हणजे जोडीला चार कळ्या आणि एका छत्रीत दोन जोड्या.

नकाशा वर्तमानपत्रावर काढा. लोकरीचा मोजा घातलेला हात ठेवायचा, बोटं जुळवून, अंगठा अर्धा उघडा. कडेनं दोन सेंटिमीटर सोडून रेघ, वर एक सेंटिमीटर माया. मनगटापुढे बारा-तेरा सेंटिमीटर लांबी ठेवा आणि तिथे रुंदी वाढवा, म्हणजे जाकिटाची बाही आत जाईल. पहिल्यांदा आम्ही हाताबरोबर मापात बसवलं आणि फसलो. खोळ घट्ट झाली की आतली लोकर दबते, ऊब जाते.

शिवताना टाचण्या लावू नका, या कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. कपड्यांचे चिमटे लावा. सुई 11 नंबरची, दोरा पॉलिस्टरचा आणि टाका थोडा लांब. बारीक टाक्यांनी कापड तिकिटासारखं फाटतं. मनगटाच्या रेषेवर पातळ इलास्टिक ताणून आधीच शिवून घ्या, बाजू मिटल्यावर तिथे मशीनचा पाय पोचत नाही. अंगठा आणि पंजा यांच्यामधली जागा सगळ्यात नाजूक. तिथे टोकदार कोन न करता वळण घ्या, दुहेरी टीप मारा आणि टिपेच्या अगदी जवळपर्यंत माया कातरा. कातरलं नाही तर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात, जास्त कातरलं तर पहिल्याच दिवशी उसवतं. काठाला दोन सेंटिमीटरचा नेफा, त्यात नाडी आणि जुन्या जाकिटाचा स्टॉपर. शिवणीतून पाणी थोडं झिरपेल. दवाला एवढं पुरे आहे, पावसासाठी हा उद्योग नाहीच.

आता वुजूचं. पायातल्या चामडी मोज्यांवर मसह करण्याची मुभा आहे, हातमोज्यांवर ती नाही. हात कोपरापर्यंत धुवायचेच. म्हणून ही खोळ एका झटक्यात निघाली पाहिजे आणि वाऱ्यावर उडूनही गेली नाही पाहिजे. आम्ही काठाला इलास्टिकचा एक मोठा फास शिवला. तो मनगटात असतो, खोळ काढली की खाली लोंबते. शिवाय खिशात एक छोटा पंचा, जो आमच्याकडे त्या दिवशी नव्हता. वुजूनंतर बोटांच्या बेचक्यांतलं पाणीसुद्धा टिपायचं आणि मगच लोकर चढवायची.

आणखी एक गोष्ट मुलांना बजावून ठेवली आहे. नायलॉन लोखंडावरून घसरतं. रायरेश्वरची शिडी, राजगडच्या बालेकिल्ल्याची चढण, तोरण्याच्या वाटेवरचे कठडे, इथे खोळ आधी काढायची आणि मग हात टाकायचा. गार लागलं तरी. दम लागणाऱ्या चढावरही ती काढावी, नाहीतर आत घाम साचतो आणि आपण फिरून ओल्या हातांपाशी येतो.

जोडी किराणा दुकानाच्या काट्यावर टाकून पाहिली, 35 ग्रॅम. दुकानदारानं भाव विचारला.

जानेवारीत अब्बांना राजी करून वेल्ह्याहून तोरण्याला गेलो. 1403 मीटर उंच, आणि वारा असा की बोलणं ऐकू येईना. धाकटीनं फजरपासून वरच्या दरवाजापर्यंत चार वेळा खोळ काढली-घातली. वर पोचल्यावर अब्बांनी काही न बोलता तिचा हात हातात घेऊन पाहिला. कोमट होता. मग त्यांनीच विचारलं, "छत्रीच्या चार कळ्या उरल्यात ना?" त्यांची जोडी आता पहाटे दुधाला जाताना स्कूटरवर असते, गिअर बदलताना डावी काढावी लागते म्हणून कुरकुर चालू आहे.

धाकटीच्या जोडीत एक चूक राहिली. अंगठा अर्धा इंच आखूड झाला आहे, वाकवला की शिवण ताणते. तुम्ही नकाशा काढताना अंगठ्याला बोटभर जास्त सोडा.