सर्जन हवाच, पण सिस्टरचं काय?

कशेडीत नाहीतर आंबेनळीत अपघात झाला की आपली मागणी ठरलेली, महाडला न्यूरोसर्जन द्या. द्याच. पण डोक्यात नळी टाकून सर्जन जातो, रात्रभर सांभाळते ती सिस्टर. मेंदूतलं पाणी काढणाऱ्या त्या नळीची पातळी पेशंटच्या कानाच्या रेषेवरून लावतात. नातेवाइकाने काळजीपोटी खाट उशाकडून वर केली आणि पातळी तशीच राहिली, तर पाणी जादा निघून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तासातासाला शुद्ध, डोळ्यांच्या बाहुल्या, नळीतलं पाणी बघायचं. एकीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड घालून हे होणार कसं? पुढच्या निवेदनात प्रशिक्षित नर्सची पदंही लिहा, मंडळी.

आणि पोलादपूरकरांनो, शंट बसवलेलं पोर उलट्या करून गुंगायला लागलं तर पित्त म्हणून थांबू नका. ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलला फोन लावा, गाडी काढा.