नळी घालायची की घास भरवायचा?

स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात रुग्णाची गिळण्याची क्रियाच मंदावते. घास तोंडात तसाच राहतो, पाण्याच्या घोटाने ठसका लागतो, वजन उतरते. नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न रायपूरच्या रुग्णालयात मुलासमोर किंवा सुनेसमोर येतो तो नेमका अशा वेळी, तातडीच्या घाईत. नकार देणे म्हणजे आईला उपाशी ठेवणे, ही समजूत इतकी खोल आहे की होकार आपोआप निघतो.

वैद्यकीय पुरावा मात्र या होकाराच्या बाजूने नाही. अमेरिकेतील जराचिकित्सकांच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रगत स्मृतिभ्रंशात नळीऐवजी हाताने भरवण्याची शिफारस केली. नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे आढळलेले नाही. लाळ आणि पोटातून उलटलेले अन्न फुफ्फुसात जायचे ते जातेच. रुग्ण नळी उपसतो, म्हणून पुष्कळदा त्याचे हात बांधावे लागतात. पक्षाघातानंतर काही काळापुरती घातलेली नळी ही निराळी गोष्ट. तोंडातले व्रण किंवा गुंगी आणणारे औषध यांमुळे खाणे थांबले नाही ना, हेही आधी पाहिले पाहिजे.

तथापि हाताने भरवणे स्वस्त नाही. रुग्णाला ताठ बसवून, अर्धा अर्धा चमचा पेज देत, प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करताना एका जेवणाला तास लागू शकतो, आणि तरी पोटात पुरेसे जात नाही. तो तास घरातली कोणती बाई देते, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी कधी गांभीर्याने घेतलेला नाही. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

छत्तीसगडकडे येथे एक जमेची बाजू आहे. 'आशा' योजनेच्या आधी, २००२ मध्ये, या राज्याने मितानिन उभ्या केल्या. भरवण्याची रीत आणि नळीचे फायदे-तोटे सांगणारी हिंदी व छत्तीसगढीतील साधी पुस्तिका त्यांच्या हाती देता येईल. ती तयार करण्याचे काम रायपूरच्या एम्सने अंगावर घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पूर्व-वैद्यकीय निर्देशाची प्रक्रिया सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरही तो करता येतो. निदान झाल्यावर, रुग्ण स्वतः बोलू शकतो तोवरच, त्याला नळीविषयी विचारून ते लिहून ठेवण्याची जबाबदारी निदान करणाऱ्या डॉक्टरवर टाकली पाहिजे.