सीएमव्हीच्या गोळ्या एआरटी केंद्रातूनच द्या



एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा रक्ताच्या कर्करोगामुळे प्रतिकारशक्ती ढासळली की सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) डोळ्याचा पडदा पोखरू शकतो. बहुतेकांच्या अंगात हा विषाणू निपचित असतो; एचआयव्हीच्या रुग्णात सीडी-4 पेशी 50च्या खाली गेल्या की तो उचल खातो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. काळे ठिपके तरंगतात, एवढंच. आमच्याकडचा कंत्राटी कामगार त्याला वेल्डिंगचा त्रास समजतो आणि ड्रॉप मागतो.

मी चऱ्होलीत औषधाचं दुकान चालवतो. सीएमव्हीवरच्या व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर गोळ्यांची चिठ्ठी क्वचितच येते. ती दाखवताना माणसाचा आवाज खाली जातो. साधारण डोस 450 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, तीन आठवडे. पुढे रोज दोन, कित्येक महिने. भाव ऐकला की गिऱ्हाईक म्हणतं, "सध्या चारच द्या, पगार झाला की बाकीच्या नेतो." अशा तुटक डोसातच विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. त्याच्या यूएल-97 जनुकात बदल झाला की ही गोळी लागू पडत नाही. मग उरतं फॉस्कार्नेट, शिरेतून द्यायचं आणि मूत्रपिंडाला जड; नाहीतर थेट डोळ्यात इंजेक्शन. 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं मॅरिबाव्हिर डोळ्यात पुरेसं पोचत नाही.

एआरटीने, म्हणजे एचआयव्ही दाबणाऱ्या औषधांनी, प्रतिकारशक्ती परत येतेच, वेगळ्या गोळ्या कशाला, असं कुणी म्हणेल. पण पेशी वाढायला महिने लागतात आणि पडद्याचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. सरकार 2004 पासून एआरटी मोफत देतं. जागतिक आरोग्य संघटनेने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर 2015 मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. मग ज्या खिडकीवर एआरटी मिळते, तिथेच या गोळ्यांचा पूर्ण कोर्स, खंड न पडता, का मिळू नये? असे रुग्ण मूठभरच असतील. दृष्टी गेलेला कामगार मशीनवर परत उभा राहत नाही, त्याचं घर बसतं.

सीडी-4 शंभराच्या खाली आलेल्या प्रत्येकाची, तक्रार असो वा नसो, बाहुली मोठी करून पडदा-तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. पूर्ण डोस घेऊनही पडद्यावरचे डाग पसरत असतील, तर विषाणूची जनुक-तपासणी मोफत व्हावी. एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था 1992 पासून शेजारच्या भोसरीत आहे. ही सोय उभी करायची, तर सुरुवात तिथूनच व्हावी.

– एक औषधविक्रेता, चऱ्होली